वीज देणारी शेगडी : मंगळावरच्या एमएमआरटीजीचे परीक्षण

कोणताही जनरेटर घेताना आपण साधारणपणे तीन गोष्टी विचारतो : किती इंधनात किती वीज मिळते, किंमत काय, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार. ‘मल्टी-मिशन रेडिओआयसोटोप थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर’, म्हणजे एमएमआरटीजी, या तिन्ही प्रश्नांवर सपशेल नापास होतो. सुमारे ४५ किलो वजनाचे हे यंत्र नवेकोरे असताना जेमतेम ११० वॅट वीज देते. ७५ वॅटचे जुन्या पद्धतीचे छताचे दोन पंखेसुद्धा त्यावर पूर्ण वेगाने फिरणार नाहीत. किंमत कोट्यवधी डॉलरच्या घरात आहे, आणि यंत्र एकदा अवकाशात गेले की त्याच्याजवळ पाना घेऊन कोणीही पोहोचू शकत नाही. असे असूनही नासाने क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या दोन्ही मोठ्या गाड्या याच यंत्राच्या भरवशावर सोडल्या. हे यंत्र बाजारात मिळत नाही आणि मी ते पाहिले आहे ते छायाचित्रांतच. त्यामुळे हे परीक्षण त्याची रचना आणि क्युरिऑसिटीवरील १३ वर्षांहून अधिक काळाची कामगिरी यांवर आधारलेले आहे. ती नीट पाहिल्यावर माझे असे मत झाले की, याला जनरेटर समजून गुण देण्यातच आपली गफलत होते. ही मुळात एक शेगडी आहे, आणि वीज हे तिचे जोडउत्पादन आहे.

आधी तिच्यातला निखारा पाहू. इंधन म्हणून येथे प्लुटोनियम-२३८ चे ऑक्साइड वापरतात. अणुबाँबमध्ये जाणारे प्लुटोनियम-२३९ वेगळे, हे वेगळे. याचे अणू आपोआप विघटन पावतात, अल्फा कण बाहेर टाकतात, आणि ते कण आजूबाजूच्याच पदार्थात अडकून तो तापवतात; ज्वलन नाही, साखळी प्रक्रिया नाही, ऑक्सिजनची गरज नाही. या ऑक्साइडच्या दाबून भाजलेल्या, प्रत्येकी सुमारे १५० ग्रॅमच्या गोळ्या करतात. त्यांपैकी एका गोळीचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल : ग्रॅफाइटच्या पांघरुणाखाली काही वेळ झाकून ठेवलेली गोळी उघडल्यावर, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या लोखंडासारखी, नारिंगी-लाल दिसते. राखेखाली दडलेला निखारा फुंकर घालून उघडा करावा तसे ते दृश्य आहे, एवढेच की हा निखारा फुंकरीने भडकत नाही आणि पाण्याने विझतही नाही. एका गोळीतून सुमारे ६२ वॅट उष्णता निघते. चार गोळ्यांचा एक ठोकळा आणि असे आठ ठोकळे, म्हणजे ३२ गोळ्या, ४.८ किलो इंधन आणि सुमारे २,००० वॅट उष्णता, असा या यंत्राचा हिशेब आहे.

उष्णतेपासून वीज होते ती थर्मोकपलमुळे, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या जोडणीमुळे : एक जोड गरम आणि दुसरा थंड ठेवला की त्यांच्यात विद्युतदाब निर्माण होतो. थॉमस सिबेक यांनी १८२१ मध्ये नोंदवलेला हा परिणाम घरीही पाहता येतो, आणि परीक्षण लिहिण्याआधी मी तो पुन्हा करून पाहिला. तांब्याची तार आणि कॉन्स्टंटन या मिश्रधातूची तार दोन ठिकाणी पिळून जोडली, एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, आणि मध्ये मल्टिमीटर लावला. काटा म्हणावा असा काही हललाच नाही. डिजिटल पडद्यावर चार मिलिव्होल्टच्या आसपास आकडा आला आणि भांड्यातले पाणी निवत गेले तसा तो खाली सरकू लागला. या हिशेबाने घड्याळाच्या एका सेलएवढा विद्युतदाब मिळवायला असे पावणेचारशे जोड लागतील. एमएमआरटीजीमध्ये तांबे-कॉन्स्टंटन नाही. तेथे शिसे आणि टेल्युरियम यांच्या संयुगावर आधारलेले अर्धवाहक वापरले आहेत, गरम बाजू ५०० अंश सेल्सिअसच्या वर असते, आणि अशी ७६८ युग्मे (थर्मोकपलच्या जोड्या) एकसर व समांतर अशा जाळीदार पद्धतीने जोडलेली असतात, म्हणजे एखादे युग्म तुटले तरी सगळी माळ अंधारात जात नाही. यात फिरणारा, घासणारा, तेल मागणारा एकही भाग नाही. ज्याने दर पावसाळ्यात जनरेटरचा कार्बोरेटर उघडला आहे, त्याला या वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

कार्यक्षमता मात्र लाज वाटावी अशी आहे. २,००० वॅट उष्णतेतून ११० वॅट वीज, म्हणजे साडेपाच टक्के. माझ्या गच्चीवरचे सौर पॅनेल याच्या तिप्पट तरी कार्यक्षम आहे, आणि मंगळावर सूर्य मावळत असला तरी दुसऱ्या दिवशी उगवतोच. मग सौर पॅनेल का नको? न्याय म्हणून सांगितले पाहिजे की सौर पॅनेलने मंगळावर अप्रतिम काम केले आहे. ऑपॉर्च्युनिटी ही गाडी २००४ मध्ये ९० मंगळदिवसांच्या बोलीवर उतरली आणि चौदा वर्षांहून अधिक चालली. मधूनमधून वाऱ्यानेच तिच्या पॅनेलवरची धूळ झटकून दिली. पण पॅनेल नवे असतानाही तिला दिवसाला एक युनिटही वीज मिळत नसे. २०१८ च्या धुळीच्या वादळात, १० जूनला, ती दिवसाला २२ वॅट-तासांवर आली, आणि त्यानंतर तिचा संदेश कधीच आला नाही. त्याच ग्रहावर, त्याच वादळात क्युरिऑसिटी धूसर आकाशाची छायाचित्रे काढत होती. एमएमआरटीजीचे ११० वॅट दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा, धूळ असो वा नसो, चालू राहतात आणि एका मंगळदिवसात त्यांचे अडीच-पावणेतीन युनिट होतात. गाडी चालवायला किंवा खडक फोडायला लागणारी वाढीव वीज दोन लिथियम-आयन बॅटऱ्या पुरवतात, आणि गाडी झोपलेली असताना जनरेटर त्या पुन्हा भरतो. थोडे पण अखंड मिळणारे उत्पन्न आणि त्यावर जपून केलेला खर्च, अशी ही सरळ घरखर्चाची रीत आहे.

आता उरलेल्या साडेचौऱ्याण्णव टक्क्यांकडे वळतो, कारण परीक्षणाचा खरा मुद्दा तेथेच आहे. ती उष्णता यंत्राच्या आठ पंखांवाटे बाहेर जाते, पण सगळी वाया जात नाही. गाडीच्या पोटातून फिरणाऱ्या नळ्यांतला द्रव जनरेटरजवळून जाताना ऊब उचलतो आणि संगणक, बॅटऱ्या व उपकरणे यांना पोहोचवतो. मंगळाच्या रात्री पारा उणे ९० अंशांच्याही खाली जातो. तेव्हा ही ऊब विजेच्या हीटरमधून काढायची तर ११० वॅट त्यातच संपले असते. थंडी काय करते याचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. चांद्रयान-३ चे विक्रम आणि प्रज्ञान २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले, एक चांद्रदिवस उत्तम काम करून झोपी गेले आणि चौदा दिवसांच्या गोठवणाऱ्या रात्रीनंतर, २२ सप्टेंबरपासून हाका मारूनही उठले नाहीत. त्यांचे नियोजित काम पूर्ण झाले होते, त्यामुळे याला अपयश म्हणता येणार नाही. पण त्यांच्याजवळ अशी शेगडी नव्हती. गंमत अशी की, त्याच मोहिमेच्या प्रोपल्शन मॉड्यूलवर, म्हणजे विक्रमला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागावर, मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेली, प्रत्येकी एक वॅटची दोन किरणोत्सारी उष्णता-एकके बसवलेली होती. ती वीज देत नाहीत, नुसती ऊब देतात, आणि त्या वेळी चाचणी म्हणूनच पाठवली होती. एक वॅट ऐकायला किरकोळ वाटते. परंतु या वस्तूचे मोल कशात आहे हे ओळखूनच ती सुरुवात झाली आहे.

दोषांची यादी करायची तर पहिला दोष गुणातूनच निघतो : ही शेगडी बंद करता येत नाही. गोळ्या भरल्या की उष्णता सुरू, मग यान प्रक्षेपणतळावर उभे असो की प्रवासात आवरणात बंद असो. क्युरिऑसिटीचा जनरेटर म्हणूनच अगदी शेवटी, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, रॉकेट तळावर उभे असताना आवरणातल्या झडपेतून आत सरकवून बसवावा लागला. आणि पुढचे आठ-साडेआठ महिने ती उष्णता पंपाने बाहेरच्या रेडिएटरकडे नेऊन अवकाशात सोडावी लागली.

दुसरा दोष उताराचा आहे. प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य ८७.७ वर्षे, म्हणजे उष्णता दरवर्षी साधारण ०.८ टक्क्याने घटते. ही घट कागदावर आधीच मांडता येते. परंतु वीज त्याहून वेगाने घटते, आणि याचा सर्वांत जुना पुरावा या यंत्राच्या थोरल्या भावंडांकडे आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर अशाच जातीचे पण सिलिकॉन-जर्मेनियमची युग्मे असलेले तीन-तीन जनरेटर आहेत. आरंभी प्रत्येक यानाला सुमारे ४७० वॅट मिळत होते आणि आता त्यातून दरवर्षी सुमारे चार वॅट कमी होतात. गणित करून पाहावे : ४८ वर्षांत इंधनाची उष्णता सुमारे ६८ टक्क्यांवर यायला हवी, म्हणजे वीज ३२० वॅटच्या आसपास उरायला हवी, प्रत्यक्षात ती आरंभीच्या निम्म्याच्याही खाली गेली आहे. मधला फरक युग्मांच्या झिजेचा आणि चुलीची धग मंदावल्यामुळे कमी झालेल्या तापमान-फरकाचा आहे. तेथे आता शब्दशः भारनियमन चालू आहे. २०१९ मध्ये व्हॉयेजर २ च्या वैश्विक किरण मोजणाऱ्या उपकरणाचा हीटर बंद केला. उपकरण उणे ५९ अंशांवर गेले, जेवढ्या थंडीत त्याची कधी चाचणीही झाली नव्हती, आणि तरीही ते मोजमाप करीत राहिले. व्हॉयेजर १ वरचे त्याच जातीचे उपकरण मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करावे लागले. आमच्याकडच्या भारनियमनाचे वेळापत्रक कधीच पाळले गेले नाही. येथे ते कित्येक वर्षे आधी ठरवता येते, आणि अभियंत्यांना हवी असते ती हीच गोष्ट. एमएमआरटीजीची युग्मे मात्र व्हॉयेजरच्या युग्मांपेक्षा लवकर झिजतात, आणि त्याची रचनाच मोहिमेतील १४ वर्षांच्या हिशेबाने केलेली आहे. क्युरिऑसिटीला आता एकाच वेळी दोन-दोन कामे उरकून लवकर झोपी जाण्याची शिस्त लावावी लागते, ती यामुळेच.

सुरक्षिततेबद्दल वाचक विचारणारच. अल्फा कण कागदानेही अडतात, पण प्लुटोनियमची बारीक धूळ श्वासातून आत गेली तर ती घातक ठरते. त्यामुळे सगळी कसरत धूळ होऊ न देण्याची आहे. १९६४ मध्ये कक्षेत पोहोचू न शकलेल्या अमेरिकी उपग्रहावरचा जनरेटर वातावरणात जळाला आणि त्यातले इंधन जगभर विखुरले. तो धडा घेऊन पुढची रचना उलटी करण्यात आली : इंधन जळून विरावे असे नव्हे, तर शाबूत खाली यावे. आजची गोळी आघाताने फुटलीच तर श्वासात न जाणारे मोठे तुकडे व्हावेत अशी असते. तिच्यावर इरिडियमचे कवच आणि त्यावर ग्रॅफाइटची आवरणे असतात. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलेला जनरेटर काढून त्यातले इंधन पुन्हा वापरले गेले, आणि १९७० मध्ये अपोलो-१३ वरच्या जनरेटरचे इंधन प्रशांत महासागरात टोंगाच्या गर्तेत बुडाले. या घराण्याची एक वस्तू तर आपल्याच देशात हरवलेली आहे : चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी १९६५ मध्ये नंदादेवीवर नेलेला जनरेटर वादळामुळे वाटेतच ठेवून गिर्यारोहकांना परतावे लागले, आणि पुढच्या वसंतात तो जागेवर नव्हता. आजवर सापडलेला नाही. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांना त्याविषयी संसदेत निवेदन करावे लागले होते.

पुरवठा हा सर्वांत मोठा अडसर. अमेरिकेने प्लुटोनियम-२३८ चे उत्पादन १९८८ मध्ये थांबवले, मधली वर्षे जुना साठा आणि रशियाकडून केलेली खरेदी यांवर निभावली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ओक रिजच्या प्रयोगशाळेने पुन्हा जे पहिले उत्पादन जाहीर केले ते होते सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या एका गोळीलाही अपुरे. एक चतुर्थांश इंधनात तेवढीच वीज देणाऱ्या स्टर्लिंग इंजिनाचा, म्हणजे उष्णतेने वायू फुगवून दट्ट्या हलवणाऱ्या इंजिनाचा, प्रकल्प नासाने २०१३ मध्ये थांबवला. मला तो निर्णय आजही पटलेला नाही, जरी हलणारा भाग आला की बिघाड आला ही भीती समजण्यासारखी असली.

म्हणून शिफारस जपूनच करावी लागते. जेथे सूर्य पुरेसा आहे, तेथे हे यंत्र घेऊ नये. गुरूजवळ, जिथे ऊन आपल्याकडच्या चार टक्केच उरते, तेथेही जुनो यानाने मोठमोठ्या सौर पंखांवर काम निभावून दाखवले आहे. मात्र शनीच्या टायटन या उपग्रहावर तापमान उणे १७९ अंश, आकाश कायम धुक्याने भरलेले, आणि दिवस-रात्रीचे एक चक्र आपल्या सुमारे १६ दिवसांचे आहे. २०२८ च्या जुलैमध्ये निघणे अपेक्षित असलेले ड्रॅगनफ्लाय हे उडते यान तेथे हाच एमएमआरटीजी घेऊन जाणार आहे. त्याच्या विजेवर थेट उड्डाण होणार नाही, कारण आठ पाती फिरवायला ती फारच तोकडी आहे. यान लांबलचक रात्रभर जमिनीवर बसून बॅटरी भरून घेईल, दिवसा काही मिनिटे उडेल आणि पुन्हा खाली बसेल. त्या सगळ्या काळात यानाचे पोट ऊबदार ठेवण्याचे काम मात्र विजेवर नव्हे, तर जनरेटरच्या उरलेल्या उष्णतेवर सोपवलेले आहे.