फ्लाइंग स्कूल चांगलं, पण सरांच्या पायांकडे लक्ष ठेवा

पाचपैकी तीन स्टार. विमानं नीट राखलेली, ग्राउंड क्लास उत्तम, ऑफिसचा कारभारही चोख. दोन स्टार कापले ते एका टेकऑफमुळे.

आमच्याच बॅचमधल्या एकाची पहिली सोलो, म्हणजे सरांशिवाय एकट्याने उड्डाण, होती. फुल थ्रॉटल दिल्याबरोबर नाक डावीकडे सरकायला लागलं. यात नवल काही नाही. प्रॉपेलरचा झोत गोल फिरत येऊन शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळतो, उपाय उजवा रडर, म्हणजे उजवं पेडल दाबून शेपटीचं सुकाणू वळवणं, हे आम्ही सगळे पेपरात घडाघडा लिहितो. पठ्ठ्याने रडर दिला, पण उशिरा, आणि घाबरून योक (नाक वर-खाली करणारं स्टिअरिंग) ओढला. शेजारची सीट रिकामी, वजन कमी, त्यामुळे पुरेसा वेग यायच्या आतच चाकं सुटली. जमिनीलगत क्षणभर तरंगून डावा पंख पडला, टोक गवतात घासलं, पुढचं चाक मोडलं, प्रॉपेलरची पाती वाकली. खांद्याचा पट्टा घट्ट होता म्हणून पोरगा खरचटण्यावर सुटला.

असं कुठेही होऊ शकतं. खटकलं ते वेगळंच. ड्युअलमध्ये, म्हणजे सर शेजारी बसून शिकवतात तेव्हा, त्याच्या जवळजवळ प्रत्येक टेकऑफला सरांचा पाय पेडलवर असायचा. दोन्हीकडची पेडलं जोडलेली. त्यांनी हलकेच दाबलं की विमान सरळ, आणि विद्यार्थ्याला वाटणार आपणच धरलंय. सोलोला तो पाय नसतो. हे सरांनी डीब्रीफिंगला सगळ्यांसमोर स्वतःहून सांगितलं, तिसरा स्टार त्याचाच. नाहीतर खापर विद्यार्थ्यावर फोडून मोकळे होणारे कमी नाहीत.

नाक सरकलं तेव्हाच थ्रॉटल मागे घेतला असता तर काम ब्रेकवर भागलं असतं. पण टेकऑफ मध्येच सोडून द्यायचा सराव इथे आत्ता कुठे सुरू झालाय. आधी तो फक्त तोंडी व्हायचा!

प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून तपासणं आलंच, त्यामुळे एक विमान बराच काळ बंद राहणार. सकाळच्या शांत वाऱ्यातल्या स्लॉटसाठी आत्ताच मारामारी आहे, घाईत असाल तर विचार करा.

प्रवेश घेतलाच तर सोलोच्या आधी सरांना स्पष्ट सांगा, टेकऑफला पाय मागे घ्या. कुरकुर केली तर दुसरे इन्स्ट्रक्टर मागा, इथे बदलून देतात.