निळी कॉपी कधी आलीच नाही

गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझं छोटं युनिट आहे, पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या मालावर पावडरचा रंग चढवायचं, आम्ही धरून सात माणसं. कोटिंगच्या आधी माल फॉस्फेटिंगच्या टाकीत बुडवावा लागतो आणि त्या टाकीच्या तळाला जो करडा गाळ बसतो तो घातक कचऱ्यात येतो, नियमांच्या शेड्यूलमध्ये त्याला १२.५ नंबर आहे. तेलकट कॉटन वेस्ट ३३.२. हे नंबर आता मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन, गेल्या वर्षीपर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं आणि तिथेच मार खाल्ला.

असा कचरा ठेवायला प्रदूषण नियंत्रण बोर्डाची परवानगी लागते, तिला ऑथोरायझेशन म्हणतात, त्याची मुदत संपत आली होती, गणेश चवथ तोंडावर, ऑर्डरींची घाई. शेडमध्ये सहा ड्रम भरून पडलेले, नियमाप्रमाणे ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाहीत आणि ते दिवस कधीच उलटलेले. मोबाईलवर सर्च केलं, सगळ्यात वर जे आलं ते दाबलं. पान अगदी सरकारी, वर अशोकस्तंभ, तिरंगी पट्टी. बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं होतं ते नंतर दिसलं. नाव-नंबर भरला आणि दहा मिनिटांत फोन, "पात्रांव, तुम्ही कायच टेन्शन घेऊ नका, रिन्युअल पण करतो आणि ड्रम पण उचलतो, सगळं ऑनलाइन." बोलणं इतकं गोड की मला वाटलं बोर्डाचाच माणूस, आणि तो पण एकदाही नाही म्हणाला नाही.

फी म्हणून १८,५०० मागितले. यूपीआयवर पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव येतं ना, तिथे कुणा बाईचं नाव आलं. बायकोने विचारलं पण, ही कोण? मी म्हटलं असेल अकाउंटंट. (हे वाक्य ती मला अजून ऐकवते.) पुढे ड्रम उचलायचे म्हणून आणखी १४,०००.

खरी मेख वेगळीच होती. बोर्डाच्या ऑनलाइन पोर्टलवर, ज्याला आपण सगळे ओसीएमएमएस म्हणतो, माझ्या युनिटचं खातं त्याने स्वतःच्या मोबाईल नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर उघडलं. म्हणजे बोर्ड काय विचारतंय, कुठला कागद कमी आहे, सगळं त्याच्याकडे जाणार, माझ्याकडे काही नाही. पासवर्ड मागितला की म्हणायचा सिस्टीम डाऊन आहे. मला व्हॉट्सअॅपवर सर्टिफिकेटचं पीडीएफ आलं, सही शिक्का सगळं, मी रंगीत प्रिंट काढून फ्रेम केली आणि टांगली गणपतीच्या फोटोशेजारी.

एका संध्याकाळी टेम्पो आला, पाऊस धो धो, दोन पोरांनी ड्रम चढवले आणि माझ्या हातात मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा कुठून कुठे चाललाय त्या कागदाची, पिवळी कॉपी दिली. त्यावर माल घेणारा म्हणून पिसुर्ल्याचा घातक कचऱ्याचा प्लांट लिहिलेला. मी खूष, शेड मोकळी झाली.

काही महिन्यांनी तपासणीला बोर्डाचे साहेब आले. फ्रेमकडे बघितलं, काही बोलले नाहीत, फाईल मागितली आणि विचारलं, "निळी कॉपी कुठाय?" मी म्हटलं कसली निळी? मग त्यांनीच समजावलं. मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म १०, त्याच्या सात रंगांच्या सात कॉप्या असतात, पिवळी आपल्याकडे राहते आणि माल पोचल्यावर घेणाऱ्याने निळी आपल्याला परत पाठवायची असते. ती आली नाही म्हणजे माल पोचल्याचा पुरावा नाही. पोर्टलवर नंबर टाकून बघितलं तर माझा अर्ज सबमिटच झालेला नव्हता, अर्धवट ड्राफ्ट. पिसुर्ल्याला विचारलं, नोंद नाही. आणि पिवळ्या कॉपीवरचा गाडीनंबर भाच्याने गाडीची माहिती दाखवणाऱ्या एमपरिवहन अॅपवर टाकला तर निघाली स्कूटर! सहा ड्रम स्कूटरवर.

नोटीस आली. मी फसलो वगैरे तिथे चालत नाही, कचरा ज्याचा जबाबदारी त्याची, आणि पर्यावरण कायद्यात आता दंडच १० हजारापासून १५ लाखांपर्यंत आहे. १९३० वर, ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पण पैसे जाऊन महिने झालेले, तिथल्या मुलीने सरळ सांगितलं की लगेच केला असता तर पैसे अडवता आले असते. तक्रार नोंदली, एजंटचा नंबर बंद.

मग मी आणि भाचा दोन रात्री बसून स्वतः अर्ज भरला, माझ्या नंबरवर, माझ्या ईमेलवर. कटकट आहे पण जमतं, एक कागद कमी होता तर मेसेज थेट मला आला. गाडी बोलवायच्या आधी आता ट्रान्सपोर्टरचं ऑथोरायझेशन मागतो, गाडीनंबर अॅपवर बघतो आणि प्लांटला स्वतः फोन करतो की हा माल तुमच्याकडे येतोय ना. त्या खेपेची निळी कॉपी आली तेव्हा बायकोने ती आधी उजेडात धरून बघितली आणि मगच फाईलला लावली.

ते सहा ड्रम मात्र सापडलेले नाहीत. मध्यंतरी एकाने सांगितलं की एका जुन्या चिरेखाणीत दोन ड्रम पडलेत, तसाच गाडी काढून गेलो. खाणीत पाणी भरलेलं, वर हिरवा तवंग, कडेला दोन ड्रम आडवे. आमच्या ड्रमांच्या झाकणावर आमच्या पोराने पांढऱ्या ऑइल पेंटने आकडे घातलेले. चिखल पुसून बघितलं. त्यावर आकडे नव्हते, ते ड्रम दुसऱ्या कुणाचे तरी होते.