डोळ्यातलं पाणी की जेली?

सांगलीहून मावसभावाचा फोन. मावशीच्या डोळ्याच्या आतली सूज वर्षभर हटेना. मिरजेचे डॉक्टर नमुना काढू म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी की मागच्या भागात भरलेली जेली?

पाणी सोपं. भुलीचे थेंब, केसासारखी सुई, ०.१ मिली, थोड्या वेळात मावशी रिक्षात. खर्चही कमी. नागीण, टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) यांच्या पीसीआरला, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, बहुतेकदा एवढं पुरतं. पण दोन थेंबांत तपासण्या बसवायच्या किती?

जेलीला ऑपरेशन थिएटर लागतं. पडदा सुटण्याचा, मोतीबिंदूचा धोका असतोच. पेशी मात्र जास्त मिळतात. लिम्फोमाची (एक प्रकारचा कर्करोग) शंका असेल तर जेलीच. स्टेरॉइडने त्या पेशी विरतात, तेव्हा ते आधी थांबवता येईल का हे विचारून घे.

संसर्ग वाटत असेल तर पाणी. पण मावशी ६८ ची, औषधाला दाद नाही, म्हणजे लिम्फोमाची शंका येतेच. मी जेलीकडे झुकेन.