व्हर्साय की जिव्हर्नी? पॅरिसहून एका दिवसाची सवड असेल तर

पॅरिसच्या मुक्कामात बाहेर जायला एकच दिवस हाताशी असला की निवड बहुधा दोन ठिकाणांवर येऊन अडते: व्हर्सायचा राजवाडा आणि जिव्हर्नीतली क्लोद मोने या चित्रकाराची बाग. नावाच्या वजनावर ठरवलं तर व्हर्सायच जिंकेल. पण आधी कॅलेंडर उघडा. जिव्हर्नी महिना बघून ठरवावं आणि व्हर्साय वार बघून.

जिव्हर्नीची बाग 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर एवढेच दिवस उघडी असते, मात्र त्या काळात आठवड्याचे सातही दिवस, सकाळी 9.30 ते संध्याकाळी 6. नाताळच्या सुटीत जाणार असाल तर प्रश्न तिथेच मिटला. दिवाळीच्या सुटीतही तारीख तपासा: 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे बाग आठवडाभर आधीच बंद झालेली असेल. उन्हाळ्याच्या सुटीत निघणाऱ्या कुटुंबांना ही बाग उत्तम साधते. एप्रिलमध्ये ट्यूलिप असतात. मेच्या सुरुवातीला हिरव्या जपानी पुलावर विस्टेरियाचे घोस लोंबतात, पाठोपाठ आयरिस फुलतात आणि जूनमध्ये गुलाब. निराशा होते ती कुमुदिनींच्या बाबतीत. मोनेच्या चित्रांत बघितलेलं तळं डोळ्यांसमोर ठेवून लोक मेमध्ये जातात आणि पाण्यावर नुसती पानं तरंगताना दिसतात. कुमुदिनींचा खरा बहर जुलै-ऑगस्टचा. सप्टेंबरमध्ये डेलिया भरात असतात आणि नॅस्टर्शियमचे वेल घरासमोरची मुख्य वाट दोन्ही बाजूंनी व्यापून टाकतात. आमच्या मते मेचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे दोन काळ सर्वात चांगले.

व्हर्साय बारमाही आहे, पण राजवाडा सोमवारी बंद असतो. शिवाय 1 मे, 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीलाही. मंगळवारी लूव्र संग्रहालय बंद असल्यामुळे पॅरिसमधले बरेच पर्यटक इकडे वळतात, म्हणून मंगळवार टाळा. गर्दीच्या दृष्टीने बुधवार-गुरुवार बरे. अडचण अशी की, बागेतली कारंजी मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी, ठरलेल्या वेळांनाच सुरू असतात. कारंज्यांना पाणी कमी पडण्याची ही अडचण फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळापासूनची आहे. सगळी कारंजी सतत उडवायला पाणी पुरत नसे. राजा जवळ येताना दिसला की कामगार शिट्टीने एकमेकांना खूण करून पुढचं कारंजं सोडत. कारंजी बघायचीच असतील तर शनिवार घ्या आणि गर्दी गृहीत धरा. नाही तर बुधवारी सकाळी 9 चा प्रवेश घ्या. हिवाळ्यात बागेतले संगमरवरी पुतळे आच्छादनाखाली असतात, कारंजी थांबलेली असतात. तेव्हा राजवाडाच बघायचा, आणि तो शांतपणे बघता येतो.

प्रवासाचा हिशोबही वेगळा आहे. व्हर्साय पॅरिसच्याच इल-द-फ्रान्स प्रदेशात येतं, त्यामुळे पॅरिसच्या सार्वजनिक वाहतुकीचा, सगळ्या झोनचा नाविगो साप्ताहिक पास तिथे चालतो. पास नसेल तर मेट्रो-ट्रेन-आरईआरचं (आरईआर म्हणजे उपनगरी रेल्वे) साधं एकेरी तिकीट पुरतं (2025 मध्ये एकच दर लागू झाला तेव्हा 2.50 युरो). बस-ट्रामचं स्वस्त तिकीट इथे चालत नाही. आरईआर सी ही लाइन पुढे अनेक फाट्यांत विभागली जाते, म्हणून फलकावर ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’ हेच नाव बघून चढा. तिथून राजवाडा चालत दहा मिनिटांवर आहे. ‘व्हर्साय शांतिए’ हे दुसरंच स्टेशन. तिथून वीसेक मिनिटं चालावं लागतं. मात्र जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत आरईआर सीचा मध्य पॅरिसमधला भाग बहुतेक वर्षी दुरुस्तीसाठी बंद असतो. तेव्हा पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून शांतिएला जाणारी गाडीच सोयीची.

जिव्हर्नी नॉर्मंडी या वेगळ्या प्रदेशात आहे, त्यामुळे पॅरिसचा पास तिथे अजिबात चालत नाही. सँ-लाझार स्टेशनवरून रुआँच्या दिशेची गाडी पकडून साधारण 50 मिनिटांत व्हर्नोंला उतरायचं. तिथून बाग पाचेक किलोमीटरवर आहे आणि गाड्यांच्या वेळांना जोडून शटल बस सुटते. स्टेशनसमोर सायकलीही भाड्याने मिळतात आणि रस्ता सपाट आहे. गाड्या दर दहा मिनिटांनी नसतात. एक चुकली तर तास-दोन तास जाऊ शकतात. म्हणून परतीची गाडी सकाळीच नक्की करा आणि शटलची रांग धरून अर्धा तास हाताशी ठेवा.

तिकिटांत एक गफलत नेहमी होते. पॅरिस म्युझियम पासमध्ये व्हर्सायचा राजवाडा येतो, पण त्यासाठी वेळ वेगळी आरक्षित करावी लागते, आणि कारंज्यांच्या दिवशी बागेचं तिकीट निराळं. जिव्हर्नी त्या पासमध्ये नाहीच. दोन्हीकडे वेळेचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधीच घ्या. व्हर्सायला 18 वर्षांखालच्यांना राजवाडा मोफत आहे. शाळकरी मुलं बरोबर असतील तर हा फरक मोठा पडतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर जिव्हर्नीच निवडा. मोनेचं घर, त्यासमोरची फुलबाग आणि तळ्याची बाग मिळून अडीच तास पुरतात. फक्त तळ्याकडे जायला रस्त्याखालच्या भुयारी वाटेच्या पायऱ्या आहेत. व्हर्सायला पूर्ण दिवस लागतो. राजवाड्याच्या दालनांतून चालून झाल्यावर बागेपलीकडच्या त्रियानों या छोट्या राजवाड्यांपर्यंत आणखी अर्धा तास चाल आहे (तिकीट काढून बसायची छोटी गाडी मिळते), आणि त्रियानों दुपारी 12 लाच उघडतं. म्हणून सकाळी राजवाडा, मग बाग, दुपारनंतर त्रियानों असा क्रम ठेवा. 73 मीटर लांबीचं आरसेमहाल दालन सकाळी पहिल्या अर्ध्या तासात गाठलंत, तर समोरासमोरच्या 17 खिडक्या आणि 17 आरसेकमानी माणसांच्या डोक्यांआड न जाता दिसतील.

पाऊस असेल तर व्हर्साय. जिव्हर्नीचं घर लहान आहे आणि तिथे लावलेली मोनेची चित्रं प्रती आहेत. कुमुदिनींचे मूळ भव्य पट पॅरिसमध्येच ओरांझरी संग्रहालयात आहेत. ते मंगळवारी बंद असतं, तेव्हा जिव्हर्नीला मंगळवारी जाऊन ओरांझरी बुधवारसाठी ठेवा.