सुटे भाग: प्राउलरचे आणि ग्राउलरचे

बंद झालेल्या मॉडेलचा ट्रॅक्टर सांभाळणाऱ्या आर्वीकडच्या शेतकऱ्याला भंगारातल्या ट्रॅक्टरचा गिअर का शोधावा लागतो, हे सांगायला नको. अमेरिकेच्या ईए-६बी प्राउलर या इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या विमानाचे उत्पादन १९९१ मध्ये थांबले, पण ते २०१९ पर्यंत सेवेत राहिले. साहजिकच मधल्या काळात सुट्या भागांसाठी निवृत्त विमानांचा आधार मोलाचा होता. त्याच्या जागी आलेले ईए-१८जी ग्राउलर मात्र सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानावरच बेतलेले असल्याने एफ-४१४ इंजिनासह बहुतेक भाग ग्राउलर आणि सुपर हॉर्नेट या दोन्हींना चालतात. सुट्या भागांच्या सोयीच्या दृष्टीने माझा कल ग्राउलरकडे आहे, परंतु प्राउलरकडून वारशाने आलेल्या एएलक्यू-९९ या जुन्या जॅमिंग पॉडच्या (शत्रूच्या रडारमध्ये अडथळा आणणाऱ्या, विमानाखाली टांगलेल्या यंत्राच्या) बाबतीत ही सोय सुपर हॉर्नेटकडून मिळत नाही.