अबोलीचं बी, गोकर्णाचं टणक कवच आणि ९८ कप्प्यांचा ट्रे : १४ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ठरवलं, की गच्चीवरची बारमाही फुलझाडं आता नर्सरीतून आणायची नाहीत. घरच्याच झाडांचं बी धरायचं आणि ज्यांना बी धरत नाही त्यांची फांदी लावायची. त्यासाठी तीन वस्तू विकत घेतल्या : रोपं वाढवायचे ९८ कप्प्यांचे दोन प्लास्टिकचे प्रो-ट्रे, ५ किलोची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट आणि मुळं फुटण्यासाठीची हॉर्मोन पावडर. आमची गच्ची पुण्यात, पाचव्या मजल्यावर. ऊन सकाळपासून दुपारी दीडपर्यंत. दोन पावसाळे, एक हिवाळा आणि एक कडक उन्हाळा बघून हे लिहिते आहे.

सुरुवात अबोलीपासून करते, कारण सगळ्यात जास्त शिकवलं तिनेच.

माझी काकी कुडाळजवळ राहते. तिच्या परसात केशरी अबोलीची मोठी रांग आहे आणि गणपतीत रोज देवीच्या फोटोला तिचाच वळेसर असतो. तिने मला वाळलेल्या कणसांची एक पुरचुंडी दिली. अबोलीचं फूल कणसावर खालून वर उमलत जातं आणि बोंडंही त्याच क्रमाने वाळतात. मी घरी आणून ती हाताने फोडायला बसले. बोंड कडक, नख लागेना, आणि जोर केला की आतलं बीच चिरडायचं. काकीला फोन केला तर ती म्हणाली, "फोडतं कित्याक? सुक्या बोंडार पाणी मार गो, आपणच बियो देतला."

स्टीलच्या डब्यात कणसं ठेवली, हाताने पाणी शिंपडलं आणि झाकण लावलं. मिनिटभर काही नाही. मग आत टच् असा आवाज आला, मग दुसरा, मग ताशा वाजावा तसा सगळा डबा वाजायला लागला. प्रत्येक बोंडात जास्तीत जास्त चार चपट्या, खवलेदार बिया असतात. ओल्या झाल्या की त्या बोटाला चिकटतात. अबोली अडुळशाच्या कुळातली. या कुळात बोंड फुटून बी लांब उडण्याची रीत बऱ्याच झाडांत आहे. सह्याद्रीतली कारवीही याच कुळातली. फुलोऱ्यानंतर तिची वाळलेली बोंडं पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात तडतडतात. उन्हाळाभर बंद राहायचं आणि जमीन भिजली की मगच बी सोडायचं, हा त्या झाडाचा हिशेब. तो कळल्यावर माझं निम्मं काम सोपं झालं. वाळलेली कणसं आता मी न फोडता तशीच ठेवते. ज्या दिवशी पेरायचं, त्याच दिवशी पाणी मारते आणि भिजलेलं बी लगेच लावते.

पहिल्या जूनमध्ये ४० बिया लावल्या. पहिला कोंब १७व्या दिवशी, शेवटचा सातव्या आठवड्यात. एकूण २७ रोपं. कुणी अबोली लावणार असेल तर ही सात आठवड्यांची गोष्ट ध्यानात ठेवा. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून ट्रे रिकामा केला असता तर माझी १५ रोपं गेली असती. त्याच पुरचुंडीतली उरलेली कणसं नऊ महिने ठेवून मार्चमध्ये ३० बिया लावल्या, तर फक्त ४ उगवल्या. मार्चमध्ये ऊब भरपूर होती, म्हणजे दोष हवेचा नव्हता. अबोलीचं बी ताजंच लावायला हवं. मध्ये डिसेंबरात एक प्रयोग केला होता, त्यात थंडी असेपर्यंत एकही कोंब दिसला नाही.

याच्या जोडीला एक चूक झाली, तीही सांगते. नर्सरीतून एक गडद केशरी अबोली आणली होती. फूल मोठं, झाड सतत बहरलेलं, आणि मी तिच्या बोंडांची सहा महिने वाट पाहिली. कणसं वाळून गळायची, आत काही नसायचं. वाटलं, पाणी कमी पडतंय; मग खत वाढवलं. शेवटी कृषी महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या बाईंनी झाड बघून विचारलं, "ही दिल्ली अबोली आहे ना? हिला बी धरत नाही." या जातीत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोन संचांऐवजी तीन संच असतात. तिनांची जोडी नीट लागत नाही, म्हणून बी तयार होत नाही आणि ती फांदीनेच वाढवावी लागते. नर्सरीत हे एका शब्दाने सांगितलं असतं तर माझा अर्धा हंगाम वाचला असता. तेव्हा अबोली विकत घेताना आधी विचारा, साधी की दिल्ली.

गोकर्णाचा अनुभव याच्या अगदी उलट. इथे बी ठेवण्याची चिंता नाही, उगवण्याचीच आहे. शेंग वाळून तपकिरी झाली की पिळवटून उघडते, त्याआधी एक-दोन दिवस काढायची. बी टिकतं भरपूर, पण कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. मी २० बिया तशाच लावल्या आणि २० बियांना नेलकटरने एक बारीक टवका काढून रात्रभर पाण्यात ठेवलं. टवका काढायचा तो बियेच्या डोळ्याच्या (बी शेंगेला जोडलेलं असतं त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला, म्हणजे आतल्या कोंबाला इजा होत नाही. सकाळी त्या फुगून जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. सहा दिवसांत १८ उगवल्या. न टवकलेल्यांपैकी महिन्याभरात ५. उरलेल्यांतली एक तर चार महिन्यांनी, कुंडीत दुसरंच रोप लावल्यावर, त्याच्या बुडाशी वर आली.

पांढऱ्या गोकर्णाच्या बियांतून एक वेल निळ्या फुलांचा निघाला. दोन्ही वेल एकाच जाळीवर होते. गोकर्णाचं फूल बरंचसं स्वतःच्याच परागाने फळतं, पण भुंगे येतातच. पूजेसाठी पांढराच हवा असेल तर वेल लांब ठेवा, किंवा बी धरायच्या दोन-तीन कळ्यांवर जाळीची पोटली बांधा. हळदीकुंकवाच्या वाणात मिळतात त्या नेटच्या पोटल्या यासाठी उत्तम. माझ्याकडे वर्षानुवर्षं पडून होत्या. हवा खेळते, पाऊस लागला तर लवकर वाळतात आणि शेंग फुटली तरी बी आतच राहतं. या १४ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच, आणि ती विकत घ्यावीही लागली नाही.

सदाफुलीला पोटली हवीच हवी. पानाच्या बगलेत जुळ्या, बारीक शेंगा उभ्या राहतात. हिरव्याच्या पिवळसर झाल्या आणि मधली रेघ दिसायला लागली की एका दुपारच्या उन्हात फुटतात. आतल्या बारीक काळ्या बिया खाली सांडल्या की त्या मातीत शोधून मिळणं कठीण. पहिले दोन महिने मी रोज संध्याकाळी बघायचे आणि रोज उशीर झालेला असायचा. सकाळी बघायला लागले तेव्हा बी हाती आलं. पेरताना त्यावर मातीचा पातळ थर द्या आणि वर पुठ्ठा झाका. सदाफुलीचं बी अंधारात चांगलं उगवतं. मी एका ट्रेला पुठ्ठा झाकला, दुसरा उघडा ठेवला. दुसऱ्या आठवड्यात दोन्हीतला फरक नजरेनेच कळत होता. पाणी मात्र मोजून. दोन पानांवर असताना ट्रे सतत ओला राहिला तर रोपाची मान मातीलगत कुजते आणि ते आडवं पडतं. जुलैच्या झडीत माझी एका रात्रीत ११ रोपं अशी गेली. तेव्हापासून ट्रे पावसाबाहेर ठेवते आणि पाणी वरून न घालता ट्रे परातीत टेकवून खालून देते.

एक अपेक्षाभंगही आहे. नर्सरीतली बुटकी, लाल सदाफुली मला फार आवडायची. तिच्या बियांची २० रोपं वाढवली. लाल फुलांची निघाली ६, बाकी गुलाबी आणि पांढरी, आणि उंचीही प्रत्येकाची वेगळी. संकरित झाडाचं बी आईसारखं निघत नाही, हे वाचलेलं होतं, पण कुंडीत बघितल्यावर पटलं. तीच झाडं हवी असतील तर फांदीच लावा.

गुलबक्षीबद्दल फार लिहायला नको. संध्याकाळी फुललेलं फूल गळलं की हिरव्या वाटीत काळी, सुरकुतलेली, मिऱ्यासारखी बी दिसते. काळी झाली की उचलायची. न उचलली तर आपोआप उगवते आणि खालचा कंद तर वर्षानुवर्षं फुटत राहतो. फक्त हे बी विषारी आहे आणि दिसतं मिऱ्यासारखं. घरात लहान मूल असेल तर ते उघड्या वाटीत वाळत घालू नका. आणि रंगांची गंमत बघायची असेल तर लाल-पांढरी शेजारी लावा. पुढच्या पिढीत गुलाबी निघते. १९०० साली मेंडेलचे नियम नव्याने पुढे आणणाऱ्यांपैकी एक, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स, यांनी याच फुलावर रंगांचा आणि पानांच्या पांढऱ्या डागांचा अभ्यास केला होता. आपल्या विहिरीजवळ उगवणारं हे झाड आनुवंशिकतेच्या इतिहासात आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता विकतच्या वस्तूंकडे येते.

कोकोपीटने पहिल्या फेरीत निराश केलं. वीट भिजवली, भरली, पेरलं. कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि विटेवर "धुतलेलं" लिहिलेलं असलं तरी माझ्या विटेत ते शिल्लक होते. पुढच्या वेळी टबात भिजवून, पिळून, तीनदा पाणी बदललं. पहिल्या पाण्याचा रंग काळ्या चहासारखा होता. त्यानंतर करपणं थांबलं. शिवाय कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतंच, म्हणून मी निम्मं कोकोपीट आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत घेते. अबोलीसारख्या सात आठवडे ट्रेमध्ये बसणाऱ्या रोपाला ते लागतं.

९८ कप्प्यांचा ट्रे भाजीच्या रोपांसाठी ठीक, पण बारमाही फुलझाडांसाठी कप्पा लहान पडतो. महिन्याभरात मुळं कप्प्यात गोल फिरायला लागतात आणि काढताना रोप दुखावतं. गोकर्ण आणि गुलबक्षीला तर ट्रे नकोच, त्यांची मुळं सरळ खोल जातात, थेट कुंडीत लावावी. अबोली-सदाफुलीसाठी मी आता ५० कप्प्यांचा ट्रे वापरते; तो मिळाला नाही तर दुधाच्या पिशवीला खाली भोकं पाडून भागतं.

हॉर्मोन पावडरबद्दल माझं मत मोजून बनलेलं आहे. जुलैत दिल्ली अबोलीच्या १२ फांद्या लावल्या, ६ पावडरीत बुडवून आणि ६ तशाच. रुजल्या ५ आणि ४. जास्वंदीत तर दोन्हीकडे सारख्याच. जास्वंदीला आपल्याकडे सहसा बी धरत नाही, पण पावसाळ्यात तिची पेन्सिलीएवढी जाड फांदी अशीही रुजते. मोगऱ्यात फरक दिसला : १० पैकी ७ रुजल्या, पावडर न लावलेल्या १० पैकी ३. म्हणजे मोगऱ्यासाठी घ्यावी, इतरांसाठी खर्च करू नये. आणि मोगऱ्यालाही फांदीपेक्षा दाब कलम जास्त खात्रीचं : जमिनीलगतची फांदी वाकवून, साल किंचित खरवडून, मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दीड-दोन महिन्यांनी तोडायची. माझी चारही दाब कलमं लागली आणि पावडर लागलीच नाही. ती वापरलीत तर थोडी कागदावर काढून घ्या. ओली फांदी थेट डब्यात बुडवली की सगळी पावडर गठ्ठा होते.

बी ठेवण्याची सगळ्यात मोठी अडचण पुण्याचा पावसाळा. कागदी पाकिटातल्या सदाफुलीच्या बियांना ऑगस्टमध्ये बुरशी आली. बियांतला ओलावा १ टक्क्याने उतरला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणेशास्त्रातला हॅरिंग्टन यांचा ठोकताळा आहे. तो वाचून मी पद्धत बदलली. आता बी सावलीत आठवडाभर वाळवते, मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, तळाशी कोरडे भाजून थंड केलेले तांदूळ आणि त्यावर फडक्यात बांधलेलं बी. तांदूळ दर महिन्याला पुन्हा भाजते. या पावसाळ्यात बुरशी नाही. आमच्या आजीकडे वालाचं बी राखेत असायचं, तेही याच कारणासाठी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, ती भाज्या आणि धान्यांच्या गावठी बियांसाठी. फुलझाडांचं घरचं बी कुणी इतक्या निगुतीने जपताना मी अजून पाहिलेलं नाही. जपायला हवं. काकीच्या अबोलीसारखी अबोली मला पुण्यातल्या एकाही नर्सरीत मिळाली नाही.

त्या पहिल्या २७ रोपांपैकी १९ आज फुलांवर आहेत. ८ मी मैत्रिणींना दिली. दिल्ली अबोलीची रुजलेली दोन रोपं गणपतीला कुडाळला नेणार आहे, काकीला हवी आहेत. माझ्या १९ झाडांत एकाचं फूल इतरांपेक्षा फिकट, जवळजवळ पिवळसर आहे. त्याला लाल दोरा बांधून ठेवलाय आणि त्याच्या कणसांवर पोटल्या चढवल्यात. बोंडं अजून हिरवी आहेत.