फ्रीबीएमडी : दुर्मीळ ब्रिटिश आडनावाचा माग काढायला कितपत कामाचं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. त्या नोंदींची दर तिमाहीला एक सूची निघायची. ही सूची 1998 पासून स्वयंसेवक टंकून काढत आहेत आणि फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर ती कोणालाही फुकट शोधता येते. 25 कोटींहून जास्त नोंदी चढल्या आहेत. खातं उघडावं लागत नाही, आणि एकदा फुकट दाखवून नंतर पैसे मागण्याचा प्रकारही नाही.

बहुतेक लोक इथे एखादा पूर्वज शोधायला येतात. आडनाव स्मिथ किंवा जोन्स असेल तर हाती फारसं लागत नाही, कारण एका शोधात जास्तीत जास्त 3000 निकाल दिसतात आणि योग्य जॉन स्मिथ त्यांत ओळखायचा कसा, हा प्रश्न तसाच राहतो. आडनाव दुर्मीळ असेल तर मात्र काम उलट्या बाजूने करता येतं. एकेक माणूस शोधत बसायचं नाही. त्या आडनावाच्या सगळ्या नोंदी एकदम उचलायच्या आणि ती माणसं कुठल्या दशकात कुठे होती ते मांडायचं. या कामासाठी फ्रीबीएमडीच्या तोडीचं फुकट साधन नाही. फक्त ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे आधी कळायला हवं.

उदाहरणाला ट्रेबिलकॉक हे आडनाव घेऊ. ते इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलचं आहे. रोश नावाच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांत, याच नावाची जुनी शेतवस्ती आहे आणि आडनाव तिच्यावरून पडलं. सुरुवातीचं ‘ट्रे’ म्हणजे कॉर्निश भाषेत वस्ती किंवा वाडी. ट्रे, पोल आणि पेन यांवरून कॉर्निश माणूस ओळखावा, अशी तिकडे म्हणच आहे. स्थानिक उच्चारात शेवटचा ‘क’ गळतो, म्हणजे ऐकणाऱ्याला ‘ट्रेबिल्को’ ऐकू येतं. 1966 च्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एव्हर्टन क्लबसाठी दोन गोल करणारा माइक ट्रेबिलकॉक गनिसलेकचा, म्हणजे कॉर्नवॉलच्या पूर्व टोकाचा. हे गनिसलेक पुढे एका घोटाळ्यात पुन्हा भेटणार आहे.

शोध असा लावावा. प्रकारात फक्त ‘जन्म’ निवडावा. आडनावाच्या चौकटीत पहिली सहा इंग्रजी अक्षरं, म्हणजे ‘ट्रेबिल’, लिहून पुढे तारांकन (*) द्यावं, म्हणजे पुढची अक्षरं कुठलीही चालतात. नावाची चौकट रिकामी, जिल्हा ‘सर्व’. काळ सप्टेंबर 1837 पासून, कारण पहिली तिमाही तीच. निकाल आले की ते मजकूर-फाईल म्हणून उतरवून घ्यावेत, स्प्रेडशीटमध्ये टाकावेत आणि जिल्हा व दशक यांनुसार लावावेत.

‘जन्म’च का? मृत्यूच्या नोंदीत म्हातारपणी मुलाकडे राहायला गेलेली माणसं येतात. लग्न बहुधा वधूच्या गावात लागतं, त्यामुळे लग्नाची जागा आडनावाची जागा असेलच असं नाही. जन्म मात्र तरुण कुटुंबाने संसार कुठे थाटला ते दाखवतो. आडनाव कसं पसरलं हे पाहायचं तर तोच आकडा हवा.

तारांकन पुरेल असं वाटतं, पण पुरत नाही. सुरुवातीच्या दशकांची सूची हाताने लिहिलेली होती आणि वळणदार ‘टी’ व ‘एफ’ एकमेकांसारखे दिसतात. म्हणून ‘एफ’ने सुरू होणारं रूप वेगळं शोधावं लागतं. ‘सी’च्या जागी ‘ई’ वाचलं जाणं हेही नेहमीचंच, पण ते तारांकनात सापडतं. उच्चारानुसार शोधायची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नये. ती साउंडेक्स पद्धतीने चालते: पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे तीनच अंक घेते. पहिलंच अक्षर चुकलं असेल तर तिचा काही उपयोग नाही. शिवाय लांब आडनावाचा शेपटाकडचा भाग ती पाहतच नाही, त्यामुळे काही संबंध नसलेली आडनावंही ओंजळभर येतात.

रूपभेद वेगळ्या रकान्यात जपून ठेवावेत, ‘दुरुस्त’ करू नयेत. कॉर्नवॉलमधल्या कारकुनाला हे आडनाव पाठ असायचं. बाहेरच्या जिल्ह्यातला कारकून ऐकलं तसं लिहायचा, आणि सांगणारा निरक्षर असेल तर ‘ट्रेबिल्को’ लिहिलं गेलं. म्हणून शेवटचा ‘क’ नसलेली नोंद दिसली की ते कुटुंब घर सोडून बाहेर पडलेलं असण्याची शक्यता तपासावी. नेहमीच खरं ठरतं असं नाही, पण धागा चांगला आहे.

आता जिल्ह्यांचा प्रश्न. फ्रीबीएमडीचा सर्वांत मोठा सापळा इथेच आहे आणि तो संकेतस्थळाचा दोष नाही. सूचीत दिसतो तो नोंदणी जिल्हा. गाव नव्हे आणि काउंटीही (कॉर्नवॉल, डेव्हन यांसारखा मोठा प्रांत) नव्हे. सेंट ऑस्टेल, बॉडमिन, सेंट कोलंब, ट्रुरो, रेडरूथ हे सरळ कॉर्नवॉलचे. पण कॅल्स्टॉक पॅरिश, ज्यात गनिसलेक येतं, कॉर्नवॉलमध्ये असूनही एकोणिसाव्या शतकात टॅव्हिस्टॉक जिल्ह्याला जोडलेलं होतं आणि टॅव्हिस्टॉक डेव्हनमध्ये आहे. 1844 नंतर या दोन काउंटींच्या सीमेवरच्या टेमर नदीच्या दोन्ही काठांवर तांब्याच्या खाणी जोरात चालल्या आणि पश्चिमेकडची खाणकामगार कुटुंबं तिथे आली. सूचीत ती डेव्हनला गेल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांनी नदी ओलांडलीच नव्हती.

जिल्ह्याशेजारचा खंड-क्रमांक, म्हणजे नोंद कुठल्या भागाच्या नोंदवहीत आहे ते सांगणारा आकडा, म्हणूनच वाचायला शिकावं. 1837 ते 1851 या काळात रोमन आकडे होते, कॉर्नवॉलसाठी नऊ. 1852 पासून आकडा आणि अक्षर: कॉर्नवॉल 5सी (यात सॉमरसेटही येतं), डेव्हन 5बी. याचा खरा उपयोग दूरच्या नोंदींत होतो. 1866 मध्ये तांब्याचा भाव कोसळला आणि कॉर्निश खाणकामगार उत्तरेकडे, मिलम आणि डाल्टनच्या लोहखाणींकडे निघाले. मिलमचे जन्म ‘बूटल’ जिल्ह्यात नोंदले जात. बूटल म्हटलं की लोक लिव्हरपूलशेजारचं बूटल गृहीत धरतात आणि कुटुंबाला गोदी-कामगार करून टाकतात. खंड 10बी असेल तर ते कंबरलंडचं बूटल. लिव्हरपूलकडच्या बूटलचे जन्म वेस्ट डर्बी जिल्ह्यात, आठव्या खंडात सापडतात. एका आकड्यावरून कुटुंबाचा अख्खा प्रवास बदलतो, पण निकालाच्या यादीत त्या आकड्याकडे कोणी बघत नाही.

तिमाहीचंही तसंच. ‘मार्च’ म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये झालेली नोंद, जन्म नव्हे. जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. 1874 च्या कायद्याने, म्हणजे 1875 पासून, नोंद टाळल्यास दंडाची तरतूद आली. त्याआधीचे काही जन्म नोंदलेच गेले नाहीत. म्हणून 1840 आणि 1880 च्या दशकांची नुसत्या आकड्यांनी तुलना केली तर आडनाव वाढल्याचा भास होतो.

मोजताना दुहेरी नोंदी काढून टाकाव्यात. दोन रूपं लिहिलेलं मूल सूचीत दोनदा येतं. उशिरा झालेली नोंदही कधीकधी दोन ठिकाणी दिसते. नाव, तिमाही, जिल्हा, खंड आणि पान ही पाचही जुळली की मूल एकच. स्मिथच्या यादीत दहा जास्तीच्या नोंदींनी काही बिघडत नाही. एका दशकात तीसच जन्म असलेल्या आडनावात त्या चित्र फिरवतात.

निकालाशेजारच्या चष्म्याच्या चिन्हावर टिचकी मारली की मूळ सूचीचं पान दिसतं. शंका आली की ते पाहायचंच. चूक दिसली तर कळवता येते, पण दुरुस्ती होते ती टंकताना चूक झाली असेल तरच. सूचीतच चुकीचं लिहिलेलं असेल तर फ्रीबीएमडी ते तसंच ठेवतं आणि खरी माहिती ‘पोस्टेम’ नावाच्या चिठ्ठीत जोडू देतं. हे धोरण काहींना हटवादी वाटतं. आमच्या मते तेच बरोबर आहे, कारण सूची सुधारून ठेवली तर मूळ दाखला शोधायची वाटच बंद होईल.

विवाहाच्या शोधात एक छान सोय आहे. पान-क्रमांकावर टिचकी मारली की त्या पानावरची सगळी नावं समोर येतात. सूचीत जोडीदाराचं आडनाव 1912 पासूनच छापलं जातं. त्याआधीच्या लग्नांत नवरा-बायको जुळवायची हीच रीत.

जन्मांच्या बाबतीत मात्र फ्रीबीएमडी उणं पडतं. आईचं माहेरचं आडनाव सूचीत सप्टेंबर 1911 पासूनच आहे. त्याआधी सेंट ऑस्टेलमध्ये दोन वर्षांत तीन विल्यम ट्रेबिलकॉक जन्मले तर ते कोणाचे, हे कळत नाही. इथे जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कचेरीच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीकडे वळावं. 2016 मध्ये आलेल्या या सूचीत आईचं आडनाव थेट 1837 पासून आहे. ती फुकट शोधता येते, पण खातं लागतं. वापरायला ती कटकटीची आहे: मुलगा की मुलगी हे आधी सांगावं लागतं, वर्षाच्या मागेपुढे दोनच वर्षं शोधता येतात, आणि विवाह त्यात नाहीतच. अख्खं आडनाव तिथून उचलायचं म्हणजे दर पाच वर्षांना दोन शोध, असं चिकाटीने करत राहावं लागतं. म्हणून यादी फ्रीबीएमडीवरून करावी आणि कुटुंबं इथून जुळवावीत. आईच्या रकान्यात नुसती रेघ असेल तर मूल बहुधा विवाहाबाहेरचं, म्हणजे आडनाव आईकडून आलेलं. दुर्मीळ आडनावाच्या वंशावळीत अशी एखादी रेघ अख्खी शाखा इकडची तिकडे करते.

दाखला मागवण्याआधी खिशाचा विचार करावा. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदीचं डिजिटल चित्र 3 पौंडांना मिळतं, पीडीएफ 8 पौंडांना आणि कागदी दाखला 12.50 पौंडांना. दर अधूनमधून वाढतात. विवाहाला कागदी दाखल्याशिवाय पर्याय नाही. नुसत्या फ्रीबीएमडीच्या निकालावरून दाखला मागवणं म्हणजे अंधारात पैसे फेकणं.

आडनावाचा नकाशा काढायला 1881 ची जनगणना फार सोयीची. ती 3 एप्रिल 1881 च्या रात्रीची आहे, स्वयंसेवकांनी पूर्ण टंकलेली आहे आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिच्यात जन्माची पॅरिश दिलेली असते, म्हणजे लंडनमध्ये राहणारा माणूस मूळचा कुठला तेही कळतं. जन्मसूचीला ही बाजू नाही. मात्र नकाशा आकड्यांवरून रंगवू नये, लोकसंख्येच्या प्रमाणात रंगवावा. नाहीतर कुठलंही आडनाव लंडनचंच वाटतं.

फ्रीबीएमडी कुठे आंधळं आहे तेही पाहा. ट्रेबिलकॉकांसारख्या कॉर्निश आडनावांचे जन्म एखाद्या जिल्ह्यात एकाएकी कमी झाले तर घराणं संपलं असा निष्कर्ष लगेच काढू नये. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा, कडिना, वॉलरूच्या खाणींनी कॉर्नवॉलची गावंच्या गावं ओढून नेली. त्या मुलांच्या नोंदी तिकडे आहेत. स्कॉटलंडही इथे नाही. तिथली नोंदणी 1855 ची, आणि ती स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर विकतची.

आणि आडनावाचं मूळ? ते फ्रीबीएमडीच्या आवाक्याबाहेरचं आहे, कारण 1837 पर्यंत आडनाव कित्येक शतकं जुनं झालेलं असतं. त्याआधीसाठी पॅरिशमधल्या चर्चच्या नोंदवह्या आहेत; त्या ठेवण्याचा आदेश 1538 चा. कॉर्नवॉलसाठी त्या ऑनलाइन पॅरिश क्लार्क्सच्या विदागारात फुकट शोधता येतात. 1641-42 च्या प्रोटेस्टेशन रिटर्न्समध्ये, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मनिष्ठेच्या शपथेच्या याद्यांमध्ये, 18 वर्षांवरील पुरुषांची नावं पॅरिशनिहाय आहेत आणि कॉर्नवॉलच्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत. त्यांत ते आडनाव रोशच्या आसपास किती दाट आहे ते पाहावं. एक सावधगिरी बाळगावी: कॉर्नवॉलमध्ये आडनावं उशिरा स्थिरावली. शेत बदललं की आडनाव बदलायची रीत सोळाव्या शतकातही होती आणि जुन्या कागदांत ‘उर्फ’ लावून दोन्ही आडनावं दिसतात. तेव्हा एकाच वस्तीवरून आडनाव पडलं तरी सगळे ट्रेबिलकॉक एकाच रक्ताचे, असं होत नाही.

तेवढा खटाटोप नको म्हणून आडनावाचा ‘अर्थ’ आणि ‘घराण्याचं मानचिन्ह’ (कोट ऑफ आर्म्स) छापून विकणाऱ्यांकडे जाऊ नये. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. खरंखोटं ठरवणारी संस्था 1484 पासूनची कॉलेज ऑफ आर्म्स आहे.

आमचा कौल: ज्या आडनावाच्या सगळ्या नोंदी एका फाईलमध्ये मावतात त्यासाठी फ्रीबीएमडी डोळे झाकून घ्यावं, निकाल मात्र डोळे उघडे ठेवून वाचावेत. विसाव्या शतकाच्या अखेरीकडे येताना कुठली तिमाही किती टंकून झाली ते दाखवणारा संकेतस्थळावरचा व्याप्तीचा तक्ता आधी उघडावा. तिथे काही तिमाह्या अजून पुऱ्या टंकलेल्या नाहीत, आणि रिकामा निकाल म्हणजे माणूस नव्हता असं नव्हे.